यादी कोणाची? : प्लगइन मॅनेजर बांधताना

मंडळी, हॉस्टेलच्या कोणत्याही खोलीत शिरा, एका तरी कॉम्प्युटरवर नोटपॅड++ सापडणारच. 'सी'चे प्रोग्रॅम लिहायला, मित्राच्या असाइनमेंटशी आपली ताडून बघायला, काही नाही तर मेसचा हिशोब ठेवायला. त्यात 'प्लगइन्स' नावाचा मेनू आहे आणि त्या मेनूत 'प्लगइन्स अ‍ॅडमिन' नावाची खिडकी आहे. हव्या त्या नावापुढच्या चौकटीत टिचकी मारायची, 'इन्स्टॉल' म्हणायचं, नोटपॅड++ एकदा बंद होऊन पुन्हा उघडतं आणि 'कम्पेअर' किंवा 'एक्सएमएल टूल्स' मेनूत येऊन बसलेलं असतं. वापरणाऱ्याला एवढंच दिसतं.

यंदा आमच्या बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी आम्हा तिघांना अशीच एक खिडकी स्वतः बांधावी लागली. आमचं सॉफ्टवेअर मेकॅनिकलच्या मटेरियल टेस्टिंग लॅबसाठी आहे. तिथल्या प्रत्येक मशीनची डेटा फाइल वेगळ्या साच्यातली. एक साधी सीएसव्ही देतं, दुसरं स्वतःची बायनरी, तिसऱ्याच्या फायलीत पहिल्या चाळीस ओळी नुसती प्रस्तावना! ग्राफ काढणारा मुख्य प्रोग्रॅम एकच ठेवायचा आणि प्रत्येक मशीनची फाइल वाचायला एकेक प्लगइन लिहायचं, असं ठरलं. लॅबमध्ये उद्या नवीन मशीन आलं तर पुढच्या बॅचने फक्त एक प्लगइन लिहावं, मुख्य प्रोग्रॅमला हात लावू नये. इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं. ही प्लगइन लॅबच्या सगळ्या कॉम्प्युटरवर पोचवायची कशी, बदलायची कशी आणि काढायची कशी, हे मात्र आम्हाला कुठल्याच पुस्तकात एका जागी मिळालं नाही. म्हणून हा लेख. उदाहरण म्हणून नोटपॅड++ च घेतो, कारण त्याचा सगळा कोड उघडा आहे आणि त्याच्या प्लगइन मॅनेजरची गोष्ट शिकण्यासारखी आहे.

आधी प्लगइन म्हणजे नक्की काय ते बघू. नोटपॅड++ मध्ये प्लगइन म्हणजे एक डीएलएल. तिने ठरलेली सहा फंक्शन्स बाहेर दाखवली पाहिजेत: 'इझयुनिकोड', 'सेटइन्फो', 'गेटनेम', 'गेटफंक्सअ‍ॅरे', 'बीनोटिफाइड' आणि 'मेसेजप्रॉक'. नाव विचारलं की नाव सांगायचं, मेनूतल्या आज्ञांची यादी द्यायची, फाइल उघडली किंवा अक्षर टाइप झालं की निरोप घ्यायचा. करार एवढाच. मुख्य प्रोग्रॅमला त्या डीएलएलच्या आत काय आहे हे माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते.

पण इथेच खरी मेख आहे. डीएलएल एकदा मेमरीत चढली की ती मुख्य प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये चालते. मुख्य प्रोग्रॅमला जे जे करता येतं ते सगळं तिला करता येतं. उघडलेली प्रत्येक फाइल वाचणं, डिस्कवर लिहिणं, नेटवरून काही पाठवणं, सगळं. मधे भिंत नाही. त्यामुळे प्लगइन मॅनेजर हा वरवर डाउनलोड करणारा प्रोग्रॅम दिसला, तरी प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या मशीनवर कोणता कोड चालेल हे ठरवतो. आणि तो ते ठरवतो एका यादीवरून. ती यादी लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे ती यादी वाचणाऱ्या सगळ्या मशीन्स आहेत. आमच्या ग्रुपमध्ये पहिले दोन आठवडे वाद चालला होता तो खिडकीत किती टॅब असावेत यावर. मग मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "यादी कोणाची?" आणि त्यानंतर डिझाइनचा क्रमच बदलला. आधी यादी, मग फोल्डर, मग अदलाबदल, आणि खिडकी सगळ्यात शेवटी. लेखही त्याच क्रमाने लिहितो.

नोटपॅड++ २००३ च्या नोव्हेंबरमध्ये डॉन हो यांनी प्रथम प्रसिद्ध केलं. पुढे कित्येक वर्षं त्याच्यासोबत जो 'प्लगइन मॅनेजर' यायचा, तो स्वतःच एक प्लगइन होता, वेगळ्या लेखकाने लिहिलेला. म्हणजे दुकानातल्या मालानेच गल्ल्यावर बसावं तसं! चाललं बरीच वर्षं, आणि चांगलं चाललं. पण त्या मॅनेजरच्या खिडकीत जाहिरात दिसायला लागली आणि ती मुख्य लेखकाला मान्य नव्हती. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या ७.५ आवृत्तीतून तो मॅनेजर अधिकृत पॅकेजमधून काढून टाकला गेला. त्याच्या जागी आतच बांधलेला 'प्लगइन्स अ‍ॅडमिन' यायला नोव्हेंबर २०१८ ची ७.६ आवृत्ती उजाडली. मधले सव्वा वर्ष अधिकृत पॅकेज घेणाऱ्यांकडे मॅनेजरच नव्हता. जुना मॅनेजर वेगळा आणून टाकायचा, नाहीतर झिप उतरवून डीएलएल हाताने योग्य फोल्डरमध्ये टाकायची.

जाहिरातीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जो भाग इतर सगळ्या भागांना आत घेतो, तो स्वतः बाहेरचा असून चालत नाही. त्याच्यावर मुख्य लेखकाचा ताबा नसेल तर वापरणाऱ्याने विश्वास नक्की कोणावर ठेवायचा? नोटपॅड++ च्या नावावर त्याने प्रोग्रॅम घेतला आणि आत येणाऱ्या कोडचा निर्णय मात्र तिसराच माणूस घेतो.

आता नव्या मॅनेजरची यादी कशी आहे ते बघा. मूळ यादी जेसॉन स्वरूपात गिटहबवर उघडी ठेवलेली आहे. ३२ बिटची वेगळी, ६४ बिटची वेगळी. कोणीही आपलं प्लगइन घालण्याचा प्रस्ताव पाठवू शकतो, तो तपासून आत घेतला जातो. प्रत्येक नोंदीत फोल्डरचं नाव, दिसणारं नाव, आवृत्ती, वर्णन, लेखक आणि झिप जिथून उतरवायची तो पत्ता असतो. आणि एक 'आयडी' असतो. हा आयडी म्हणजे अनुक्रमांक नव्हे, तो त्या झिप फायलीचा एसएचए-२५६ हॅश आहे.

हॅश आपण तिसऱ्या वर्षाला शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो, म्हणून थोडक्यात. फाइल कितीही मोठी असो, तिच्यातून २५६ बिटांचा, म्हणजे हेक्समध्ये ६४ अक्षरांचा एक ठसा निघतो. फायलीतला एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा. एकच ठसा देणाऱ्या दोन फायली मुद्दाम घडवणं एसएचए-२५६ मध्ये आजवर कोणाला जमलेलं नाही. याचा मोठा फायदा असा, की झिप कोणाच्याही सर्व्हरवर पडलेली चालते. सर्व्हर भरवशाचा नसला, वाटेत कोणी फाइल बदलली, तरी ठसा जुळणार नाही आणि मॅनेजर ती फाइल टाकून देईल. सगळा विश्वास फायलीवरून सरकून यादीवर येतो.

मग यादीचं काय? तीच कोणी बदलली तर फाइलही बदलता येईल आणि ठसाही. म्हणून यादीवर सही लागते. नोटपॅड++ ने इथे एक गमतीदार युक्ती केली आहे. विंडोजमध्ये ईएक्सई आणि डीएलएल फायलींवरची डिजिटल सही तपासण्याची सोय तयार आहे, पण साध्या जेसॉन फायलीला ती सही चिकटवता येत नाही. मग त्यांनी यादीच एका डीएलएलच्या पोटात घातली! 'एनपीपीप्लगइनलिस्ट' नावाच्या त्या डीएलएलमध्ये चालवण्यासारखा कोड जवळजवळ नाहीच, ती फक्त यादीचा डबा आहे. डब्यावरची सही बरोबर असेल तरच आतली यादी वाचायची.

याची किंमतही आहे. यादी मुख्य प्रोग्रॅमच्या आवृत्तीसोबत येते, त्यामुळे आज मान्य झालेलं प्लगइन तुमच्या खिडकीत दिसायला पुढच्या आवृत्तीची वाट बघावी लागते. काहींना हा दोष वाटतो. मला तो गुण वाटतो, निदान लहान चमूसाठी तरी. रोज बदलणारी यादी म्हणजे रोज कोणीतरी डोळ्यात तेल घालून बसायला हवं.

सहीची गरज किती खरी आहे हे दाखवणारी घटना नोटपॅड++ च्याच बाबतीत घडली आहे. २०२५ मध्ये त्याच्या स्वतःच्या अपडेटची वाट मधेच वळवून काही निवडक लोकांच्या मशीनवर भलतीच फाइल पोचवली गेली. घोळ प्लगइनच्या यादीचा नव्हता, खुद्द संपादकाच्या नव्या आवृत्तीचा होता, आणि शिरकाव झाला तो साइट जिथे ठेवली होती तिथून. डिसेंबर २०२५ च्या ८.८.९ आवृत्तीपासून अपडेट करणारा भाग उतरवलेल्या इन्स्टॉलरवरची सही आणि प्रमाणपत्र तपासल्याशिवाय तो चालवत नाही. आपण अमुक पत्त्यावरून फाइल आणली म्हणजे ती अमुक माणसाची, हे गृहीतकच कच्चं आहे. पत्ता आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी.

आमच्याकडे विंडोजला मान्य होईल असं विकतचं सही-प्रमाणपत्र घ्यायला पैसे नव्हते. (प्रोजेक्टचं बजेट झेरॉक्स आणि बाइंडिंगमध्येच संपतं, हे सर्वांना ठाऊक आहे.) पण सहीसाठी प्रमाणपत्र विकत घ्यायलाच लागतं असं नाही. आमची यादी साधी जेसॉन फाइल आहे आणि तिच्या शेजारी सहीची वेगळी छोटी फाइल. सहीसाठी एड२५५१९ ही पद्धत वापरली, लिबसोडियम ही फुकट लायब्ररी घेऊन. सार्वजनिक किल्ली फक्त ३२ बाइटची असते, ती मुख्य प्रोग्रॅममध्येच लिहून टाकली. सही ६४ बाइटची. तपासण्याचा कोड वीस ओळींच्या आत बसला.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण व्हायव्हात हमखास येणारा एक प्रश्न आहे. खरी सही असलेली जुनी यादी कोणी पुन्हा पुढे केली तर? समजा मार्चमधल्या यादीतल्या एका प्लगइनमध्ये गंभीर चूक सापडली आणि एप्रिलच्या यादीत ते बदललं. लॅबच्या शेअर फोल्डरमध्ये कोणीतरी मार्चची यादी सहीसकट परत ठेवली, तर सही खरीच निघेल. म्हणून यादीत एक चढता क्रमांक ठेवायचा. प्रोग्रॅमने आजवर पाहिलेला सर्वात मोठा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि त्याहून लहान क्रमांकाची यादी सरळ नाकारायची. सहीत क्रमांकही येतो, त्यामुळे तो बदलता येत नाही.

मुदतीचं काय? यादीला मुदत घालावी की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. मला निर्णायक वाटली ती फायरफॉक्सची गोष्ट. ४ मे २०१९ रोजी त्यांच्या अ‍ॅड-ऑनवर सही करण्याच्या साखळीतलं मधलं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं, आणि जगभरच्या लोकांची आधीपासून बसवलेली, नीट चालणारी अ‍ॅड-ऑन एका झटक्यात बंद पडली. दुरुस्तीची आवृत्ती दुसऱ्या दिवशी आली, पण तोपर्यंत लोकांनी काय काय उद्योग केले असतील विचार करा. आम्ही मधला मार्ग काढला. यादीची मुदत संपली असेल तर नवीन प्लगइन बसवायला नकार द्यायचा, पण बसलेल्यांना हात लावायचा नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबमधले ग्राफ बंद पडण्यापेक्षा ते बरं.

आता फोल्डर. डीएलएल ठेवायची कुठे, हा प्रश्न ऐकायला किरकोळ आहे. पण नोटपॅड++ ने नोव्हेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ एवढ्यात ही जागा दोनदा बदलली! ७.६ मध्ये प्लगइन प्रत्येक युजरच्या 'लोकलअ‍ॅपडेटा'त जायची. ७.६.१ पासून ती 'प्रोग्रॅमडेटा'त गेली. ७.६.३ मध्ये ती मूळ घरी, म्हणजे प्रोग्रॅम जिथे बसवला त्याच फोल्डरच्या आतल्या 'प्लगइन्स'मध्ये परत आली, आणि तेव्हापासून तिथेच आहे. असं का झालं असावं, ते विंडोजच्या परवानग्या बघितल्या की समजतं. 'लोकलअ‍ॅपडेटा'त लिहायला अ‍ॅडमिन लागत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याची सोय होते. पण सोय त्याची तशीच त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची. कुठल्याही पेनड्राइव्हवरून आलेला व्हायरस तिथे आपली डीएलएल टाकून जाऊ शकतो आणि संपादक उघडताना ती आपल्याच हाताने चढवेल. 'प्रोग्रॅमडेटा'त साध्या युजरलाही नवीन फोल्डर करता येतो. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला मात्र अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो.

आमच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांच्या लॉगिनला अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. मग सोय पाहायची की सुरक्षितता? एकाच कॉम्प्युटरवर दिवसाला चार बॅच बसतात. एका विद्यार्थ्याने बसवलेलं प्लगइन दुसऱ्याच्या रीडिंगवर चालणार असेल तर ते बसवण्याचा निर्णय विद्यार्थ्याचा असू नये, असं माझं मत. तेव्हा आम्हीही 'प्रोग्रॅम फाइल्स'च निवडलं. बसवण्याचं काम लॅब असिस्टंट काका करतील. ज्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर प्रयोग करायचे आहेत त्यांच्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारी पोर्टेबल आवृत्ती आहे, तिथे त्यांचं राज्य.

७.६ ने आणखी एक नियम आणला, आणि तो मला त्या सगळ्या बदलांत सर्वात शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक प्लगइनचा स्वतःचा फोल्डर, आणि फोल्डरचं व डीएलएलचं नाव एकच. त्याआधी सगळ्या डीएलएल एकाच फोल्डरमध्ये दाटीवाटीने असायच्या आणि त्यांच्या मदतीच्या फायली इकडेतिकडे. कोणती फाइल कोणाची, हे सांगणं कठीण. बसवताना त्याने काही अडत नाही, अडतं ते काढताना. एक फोल्डर एक प्लगइन असं ठरलं की काढणं म्हणजे फोल्डर उडवणं. सेटिंग्ज तेवढ्या वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे परत बसवलं तर जुन्या मिळतात.

पण फोल्डर उडवणंही इतकं सरळ नाही, कारण तुम्हाला माहीत असलेलाच एक अडथळा मधे येतो. प्रोग्रॅम चालू असताना त्याने चढवलेली डीएलएल विंडोज पुसू देत नाही, तिच्यावर दुसरी फाइल लिहूही देत नाही. 'फ्रीलायब्ररी' करून ती उतरवता येईल, पण प्लगइनने एखादा थ्रेड चालू ठेवला असेल किंवा कुठे फंक्शनचा पत्ता देऊन ठेवला असेल तर ती उतरल्यावर पुढच्याच क्षणी प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून चालू प्रोग्रॅमने स्वतःची अदलाबदल स्वतः करायचीच नाही. नोटपॅड++ हे काम 'जीयूपी' नावाच्या वेगळ्या छोट्या प्रोग्रॅमकडे देतं. आधी विचारतं, मग स्वतः बंद होतं, जीयूपी झिप उतरवतो, ठसा जुळवतो, उलगडतो आणि संपादक पुन्हा चालू करतो.

आमचा मदतनीस थोडा वेगळा आहे, कारण लॅबमध्ये लाइट जाणं ही रोजची नसली तरी दरमहाची गोष्ट. त्यामुळे काम मधेच तुटलं तर काय, याचा विचार आधी करावा लागला. मुख्य प्रोग्रॅम चालू असतानाच झिप एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरते. हा फोल्डर त्याच ड्राइव्हवर असतो, का ते पुढे कळेल. तिथे ठसा जुळवला जातो. मग उलगडताना झिपमधलं प्रत्येक नाव तपासलं जातं, कारण नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून एखादी झिप आपल्या फायली वरच्या फोल्डरमध्ये घुसवू शकते. २०१८ मध्ये 'झिप स्लिप' या नावाने हा प्रकार बराच गाजला होता. मग डीएलएलच्या पीई हेडरमधलं मशीनचं खातं वाचलं जातं: हेक्समध्ये १४सी असेल तर ३२ बिट, ८६६४ असेल तर ६४ बिट. ३२ बिटच्या प्रोसेसमध्ये ६४ बिटची डीएलएल चढत नाही आणि विंडोजचा संदेश अशा वेळी इतका गूढ असतो की विद्यार्थी थेट फॉरमॅट मारायला निघतात. त्यापेक्षा आपणच साध्या मराठीत सांगावं.

एवढं झाल्यावर काय करायचं आहे त्याची एक चिठ्ठी डिस्कवर लिहिली जाते. प्रोग्रॅम बंद होतो. मदतनीस त्याची प्रोसेस खरोखर संपेपर्यंत थांबतो, मग जुन्या फोल्डरचं नाव बदलून मागे 'जुनं' जोडतो आणि नवा फोल्डर नाव बदलून जागेवर आणतो. एकाच ड्राइव्हवर नाव बदलणं हे क्षणाचं काम, त्यात एकही बाइट कॉपी होत नाही. कॉपी करायला गेलो असतो तर अर्धी डीएलएल नवी आणि अर्धी गायब, अशी अवस्था होऊ शकते. लाइट दोन नावबदलांच्या मधे गेलीच, तर पुढच्या वेळी चिठ्ठी वाचून मदतनीस उरलेलं काम पुरं करतो. आम्ही प्रत्येक पायरीवर मुद्दाम प्लग उपटून हे बघितलं. काकांची नजर चुकवून, अर्थात.

'जुनं' लावलेला फोल्डर लगेच पुसायचा नाही. कारण अदलाबदल नीट झाली तरी नवं प्लगइन चालेलच असं नाही. चढतानाच ते प्रोग्रॅम पाडू शकतं, आणि मग मोठी पंचाईत होते: ते काढायला खिडकी उघडायची, तर खिडकी उघडण्याआधीच प्रोग्रॅम पडतो. नोटपॅड++ मध्ये 'नोप्लगइन' हा पर्याय कमांड लाइनवर देऊन सगळी प्लगइन वगळून सुरुवात करता येते. तो पर्याय आम्हीही ठेवला, पण लॅबमध्ये कमांड लाइन कोण आठवणार? म्हणून एक साधी खूण. प्रत्येक प्लगइन चढवण्याआधी त्याचं नाव एका फायलीत लिहायचं, नीट चढलं की पुसायचं. प्रोग्रॅम सुरू होताना त्या फायलीत नाव सापडलं, याचा अर्थ मागच्या वेळी तिथेच गाडी अडली. ते प्लगइन बाजूला ठेवायचं, 'जुनं' असेल तर परत जागेवर आणायचं आणि वापरणाऱ्याला एका ओळीत सांगायचं.

आवृत्तीची जुळणी हाही मोठा विषय आहे, पण इथे एकच उदाहरण पुरे. २०२२ मध्ये नोटपॅड++ ने ६४ बिट आवृत्तीत दोन जीबीहून मोठ्या फायली उघडण्याची सोय केली (८.३). त्यासाठी फायलीतली जागा दाखवणारे आकडे रुंद करावे लागले आणि जुन्या मापाने बांधलेली काही प्लगइन निकामी ठरली. डीएलएल चढते, सहा फंक्शन्सही सापडतात, पण स्ट्रक्चरमधली खाती सरकलेली. असं प्लगइन शांतपणे चुकीचं वाचतं, आणि आमच्यासारख्या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते कोसळण्यापेक्षा वाईट. तेव्हा यादीतल्या प्रत्येक नोंदीत 'मुख्य प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत' हे खातं पहिल्या दिवसापासून ठेवा. नोटपॅड++ च्या यादीत ते आहे आणि न जुळणाऱ्यांसाठी खिडकीत वेगळा टॅबही आहे.

एका प्लगइनला दुसरं प्लगइन लागतं, याची सोय? आम्ही केली नाही. इक्लिप्सने २००८ च्या ३.४ आवृत्तीत जुना अपडेट मॅनेजर बाजूला सारून 'पी२' आणला, त्यात कोणत्या आवृत्त्या एकत्र नांदू शकतात हे ठरवायला चक्क सॅट सॉल्व्हर वापरला आहे. डिस्क्रीट मॅथ्सच्या पेपरात घाम फोडणारा तोच बूलियन प्रश्न. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर वाचावं. सात-आठ प्लगइनसाठी तो खटाटोप कोणी करू नये.

खिडकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उपलब्ध, नवी आवृत्ती आलेली, बसवलेली असे तीन टॅब आणि शोधायची एक चौकट. जतन न केलेलं काम असेल तर बंद करण्याआधी विचारणं. हो, आणि प्रॉक्सी! हॉस्टेलचं नेट ज्यांनी वापरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. 'कनेक्शन अयशस्वी' एवढाच संदेश देणाऱ्या सॉफ्टवेअरचा राग आपण सगळ्यांनी केलेला आहे, तेव्हा प्रॉक्सी कुठे लिहायची ते त्याच संदेशात सांगा, आणि नेट नसलं तर पेनड्राइव्हवरची झिप घेण्याची वाट ठेवा. ठसा आणि यादी मात्र तिथेही तपासायचीच.

राहता राहिला तो प्रश्न, जो मॅडमनी सुरुवातीला विचारला होता. यादीवर सही करणारी खासगी किल्ली कोणाकडे? आत्ता ती माझ्या लॅपटॉपवर आहे, आणि जूनमध्ये मी इथून जाणार. 'ग्रेट सस्पेंडर' नावाचं क्रोमचं एक एक्स्टेंशन होतं, न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं, लाखो लोकांनी घेतलेलं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीही वेगळं केलेलं नव्हतं. अपडेट नेहमीसारखाच आला, सगळ्या तपासण्यांतून पास होऊन. मालक बदलला हे तपासणारं गणित अजून कोणी लिहिलेलं नाही.

आमच्यापुरती सोय अशी केली आहे. मुख्य प्रोग्रॅममध्ये तीन सार्वजनिक किल्ल्या आहेत आणि यादीवर त्यांपैकी कोणत्याही दोन सह्या लागतात. एक खासगी किल्ली मॅडमकडे, एक मटेरियल टेस्टिंग लॅबच्या सरांकडे, तिसरी दरवर्षी प्रोजेक्ट घेणाऱ्या ग्रुपकडे. ग्रुप बदलला की मॅडम आणि सर मिळून नव्या किल्लीचं नाव असलेल्या यादीवर सही करतील आणि जुनी आपोआप बाद होईल, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर उरलेल्या प्रतीला काही किंमत राहणार नाही. मॅडम आणि सरांच्या किल्ल्या दोन पेनड्राइव्हवर आहेत. पाकिटांवर सही करून ती वेगवेगळ्या कपाटांत ठेवली आहेत, आणि पाकीट कधी, कोणी, कशासाठी उघडलं याची नोंद काकांच्या डेड स्टॉक रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर होते. पुढच्या वर्षी हा प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॅडमना भेटावं. येताना स्वतःचा, रिकामा आणि व्हायरस नसलेला पेनड्राइव्ह आणावा.